वारल्यांचं बंड, दुसऱ्यांदा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडते, उल्हास नदीचा पूल ओलांडते, आंबिवलीला मोहन्याच्या बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याची आठवण करून देत थांबते, आणि मग टिटवाळा येतं. अंगारकीला या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेल्या मला टिटवाळा म्हणजे महागणपती, एवढंच ठाऊक होतं. याच गावात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली होती आणि ठाणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या उठावाची ठिणगी तिथे पडली, हे मला वयाच्या तिशीत कळलं. तेही गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रकरणाचा विषय २०१९ सालचं एक गाणं आहे. पण त्या गाण्याचं नावच इतिहासातून उचललेलं असल्यामुळे आधी टिटवाळ्याला उतरावं लागेल.

परिषदेच्या तयारीसाठी गोदावरीबाई जिल्ह्याच्या उत्तरेच्या जंगलपट्टीत फिरल्या. उंबरगाव, डहाणू हे भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथले वारली सावकार-जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले होते. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराची गुरंढोरं होऊन राहत; अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. शब्द ऐकायला गोड वाटतो, पण त्यात एका माणसाचं सगळं आयुष्य गहाण पडलेलं असे. त्या पट्टीतले काही वारली टिटवाळ्याला आले. त्यांत झरी गावचे माह्या धांगडा होते. परिषदेत त्यांनी आपली हकिगत सांगितली, इतर भागांतल्या शेतकऱ्यांनी ती ऐकली, आणि वारली घरी परतले ते आपणही सभा भरवायची हे मनाशी ठरवून. २३ मे १९४५ रोजी झरीला सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याशिवाय खाजगी जमिनीवर कामाला जायचं नाही, असे ठराव झाले आणि पाड्यापाड्यांवर लाल बावटा पोहोचला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांतल्या जेठ्या गांगड यांचं नाव त्या पट्टीत आजही घेतलं जातं. गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर यांना जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. शामरावांनी १९४७ साली या लढ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’.

त्यानंतर बहात्तर वर्षांनी ‘द वारली रिव्होल्ट’ या नावाचं गाणं आलं. ‘स्वदेशी’ हा मुंबईच्या तरुण रॅपरांचा चमू आणि आरेतल्या केलटीपाड्याचे आदिवासी कलावंत-कार्यकर्ते प्रकाश भोईर यांनी ते केलं. विषय आरेचं जंगल, तिथले पाडे आणि तिथे येऊ घातलेलं मेट्रोचं कारशेड. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते डोंबिवली-दादर गाडीत, कानात इयरफोन घालून, उभ्याने. दुसऱ्यांदा मुद्दाम टिटवाळ्याच्या गाडीत ऐकलं.

माझं म्हणणं असं आहे: या गाण्याची बातमी झाली, समीक्षा झाली नाही. आणि राजकीय गाण्याची समीक्षा झाली नाही की ते गाणं घोषणेत जमा होतं, कलेत जमा होत नाही. हे नुकसान गाणाऱ्याचं तर आहेच, त्याहून जास्त ऐकणाऱ्याचं आहे.

हे स्पष्ट करायला मला थोडं लांब, जवळजवळ पन्नास वर्षं मागे, लंडनला जावं लागेल. तिथे पंक रॉक नावाचं संगीत १९७६-७७ च्या सुमारास उसळलं. बेकारीत ढकललेली पोरं, तीन सूर वाजवता आले की पुरे म्हणणारे गिटारवादक, हाताने लिहून, झेरॉक्स काढून वाटलेली मासिकं. मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. आपल्याकडे साठीच्या दशकात लघुनियतकालिकं अशीच निघत होती. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत ना, मग आपलं आपण छापू, हाच बाणा. सेक्स पिस्टल्सने १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळीच राणीवर गाणं काढलं. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरी ते विक्रीच्या यादीत वर चढलं. हा पंकचा सर्वांना माहीत असलेला भाग झाला.

मला इथे हवा आहे तो द क्लॅश हा बँड, आणि त्यांचा १२ डिसेंबर १९८० रोजी आलेला ‘सँडिनिस्टा!’ हा अल्बम. निकाराग्वात सोमोझाची हुकूमशाही उलथवणाऱ्या चळवळीचं नाव त्यांनी अल्बमला दिलं. रेकॉर्ड कंपनीचा अनुक्रमांकसुद्धा त्या चळवळीच्या आद्याक्षरांवरून घेतला: एफएसएलएन १. तीन तबकड्या, सहा बाजू, प्रत्येक बाजूवर सहा अशी छत्तीस गाणी. आणि हे सगळं साधारण एका तबकडीच्या भावात, ५ पौंड ९९ पेनीला. कंपनी एवढं स्वस्त विकायला राजी होईना, तेव्हा पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी बँडने सोडून दिली. पंक म्हणजे गरिबांचं संगीत, असं भाषण ठोकून सगळेच मोकळे होतात. या चौघांनी त्याची किंमत खिशातून मोजली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता समीक्षकांनी काय केलं ते पाहा. लंडनमधल्या संगीत साप्ताहिकांत अनेकांनी अल्बमला धारेवर धरलं. पसरट आहे, स्वतःचे लाड पुरवून घेतलेले आहेत, एका तबकडीचा ऐवज तीन तबकड्यांवर ताणला आहे, असा सूर होता. तिकडे न्यूयॉर्कमध्ये ‘द व्हिलेज व्हॉइस’ने अमेरिकेतल्या समीक्षकांची १९८१ सालची पसंती मोजली तेव्हा हाच अल्बम पहिला आला. एकाच तबकडीवर दोन शहरांचे दोन निकाल. मला यातला कुठला निकाल बरोबर होता यात रस नाही. रस आहे तो यात, की दोन्ही बाजूंनी गाण्यावर बोलणं झालं. कोणती बाजू लांबली, कोणती चाल उसनी आहे, जमैकाचा ताल कुठे अंगी लागला आहे आणि कुठे नुसता पांघरलेला आहे. निकाराग्वातल्या क्रांतीला पाठिंबा द्यावा की नाही, एवढ्यावर वाद थांबला नाही. बँडशी मतभेद असलेल्या समीक्षकालाही सहा बाजू ऐकाव्याच लागल्या.

त्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, आपल्या विषयाच्या अगदी जवळ येतं. न्यूयॉर्कच्या मुक्कामात या मंडळींनी तिथल्या काळ्या पोरांचा नवा प्रकार ऐकला, रॅप. लगेच त्यांनी त्या धाटणीवर गाणं बांधलं. विषय काय, तर सकाळी सातला उठून कामावर जाणाऱ्या माणसाचा दिवस. डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या माणसाला हा विषय समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे तर साताला उठणारा माणूस आळशी. गोऱ्या ब्रिटिश रॉक बँडने रॅप केल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्यक्रमांत क्लॅशने ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्या चमूला आधी गायला बोलावलं, तर पंकच्या चाहत्यांनी त्यांच्यावर आरडाओरडा केला, वस्तू फेकल्या. बंडखोर संगीताचे श्रोतेही अनोळखी आवाजापुढे असे वागतात. म्हणून समीक्षक लागतो. अनोळखी आवाज आणि श्रोता यांच्या मधली पायरी तो बांधतो.

आता परत येऊ आपल्या गाण्याकडे.

‘स्वदेशी’ साधारण २०१३ पासून एकत्र आहेत. एमसी मवाली, अमरावतीहून आलेला १०० आरबीएच, महार्या, एमसी तोडफोड ही त्यांतली काही मंडळी. मराठी, हिंदी, गुजराती असं ज्याला जी भाषा घरची, त्या भाषेत तो म्हणतो. यांच्याबद्दल बोलताना ‘रस्त्यावरची पोरं’ हा शब्द फार सहज वापरला जातो, आणि तो मला खटकतो. कारण ही मुलं शिकलेली आहेत, आणि शिकलेली आहेत म्हणजे लयीत शिकलेली. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात स्वदेशीच्या पोरांनी कर्नाटक संगीतातल्या कोनक्कोलचा, म्हणजे तोंडाने बोल म्हणून ताल मांडण्याच्या कलेचा, रियाज केला. सात मात्रांत पाच बसवायच्या, नऊ मात्रांतून समेवर यायचं, हे त्यांनी बोटांवर मोजत आत्मसात केलं. २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटात ‘इंडिया ९१’ हे गाणं आहे. त्यात तोडफोड, १०० आरबीएच आणि महार्या यांचे आवाज आहेत. तिथे कान देऊन ऐकलं तर शब्दांच्या खाली चाललेला तो हिशेब ऐकू येतो.

‘द वारली रिव्होल्ट’मध्ये हा हिशेब आणि भोईरांचा आवाज समोरासमोर येतात. भोईरांचा आवाज मोकळ्या जागेत वाढलेला आहे. तो दूरच्या माणसाला हाक मारल्यासारखा लागतो; त्याला खोलीच्या भिंती माहीत नाहीत. रॅप करणाऱ्यांचा आवाज मात्र मायक्रोफोनच्या अगदी जवळचा, शहरी, शब्द चावून फेकणारा. एक आवाज जंगलातला, एक चाळीतला. ध्वनिमुद्रणात दोघांना एका पातळीवर आणून ठेवणं सोपं होतं. तसं केलं असतं तर गाणं गुळगुळीत झालं असतं. ते तसं केलेलं नाही. दोन आवाजांमधलं अंतर तसंच राहिलं आहे, आणि माझ्या मते गाण्याचा खरा अर्थ त्या अंतरात आहे: शहर आणि पाडा एकमेकांच्या शेजारी आहेत, पण एकमेकांत विरघळलेले नाहीत.

माझा एक आक्षेपही आहे. रॅपच्या कडव्यांत जिथे थेट आवाहन येतं तिथे भाषा सभेतल्या भाषणासारखी होते, आणि भोईरांच्या ओळींत जी वस्तू दिसते, झाड, पाडा, जमीन, ती त्या भाषणात धूसर होते. वारली चित्रकार भिंतीवर दोन त्रिकोण जोडून माणूस काढतो. तेवढ्यावर माणूस नाचतोय की ओझं वाहतोय हे कळतं. इतकं थोडक्यात सांगायची परंपरा ज्या गाण्याच्या पाठीशी उभी आहे, त्या गाण्याने आणखी काटकसर करायला हवी होती. हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. क्लॅशच्या छत्तीस गाण्यांवर समीक्षकांनी जे म्हटलं, तेच मी इथे म्हणतोय, आणि गाणं आवडतं म्हणूनच म्हणतोय.

वारली संगीत ऐकायची सवय आपल्याला नाही, हेही इथे कबूल केलं पाहिजे. वारली चित्रं मात्र कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या भिंतींवर, शाळांच्या फाटकांवर, चहाच्या कपांवर पोहोचली आहेत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ते २०१८ मध्ये गेले. त्या चित्रांत मध्यभागी एक माणूस लांबट वाद्य घेऊन उभा असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती सर्पिलाकार फिरते. ते वाद्य तारपा. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बंद करायला मेण. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालांत हवा साठवून तोंडाने सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकाने आत घ्यायची, त्यामुळे सूर तासन्‌तास अखंड चालतो. नाचणारे तारपकऱ्याला पाठ दाखवत नाहीत. तो सूर बदलतो, पावलं बदलतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हे वाद्य आयुष्यभर वाजवलं. आपण भिंतीवर चित्र लावलं, पण त्या चित्रातल्या माणसाच्या हातात काय आहे आणि ते कसं वाजतं, हे विचारलं नाही. ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकताना भोईरांचा सूर कानाला परका वाटतो तो त्यामुळे.

मग या गाण्याचं स्वागत कसं झालं? मी जे वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी गाण्याची ओळख आरे आंदोलनाचा एक तुकडा म्हणून करून दिलेली होती. ते खोटं नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कारशेडविरोधी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती सुरू झाल्या. दोन दिवसांत दोन हजारांहून जास्त झाडं पडली, एकोणतीस आंदोलकांना अटक झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली. त्या दिवसांत गाण्याकडे गाणं म्हणून पाहायला कुणाला वेळ नव्हता, हे मी समजू शकतो. पण त्यानंतरही तो वेळ आला नाही. मराठी दैनिकांत नाटकाला, सिनेमाला, पुस्तकाला परीक्षणाची ठरलेली जागा असते. मराठीतल्या रॅपला, मराठीतल्या अशा मिश्र गाण्यांना ती जागा नाही. ती येतात ती शहरवार्तांत, नाहीतर गुन्हेवार्तांत.

गुन्हेवार्ता हा शब्द मी जपून वापरतोय. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा रॅपर राज मुंगासे याच्यावर आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथमध्ये, गुन्हा दाखल झाला. त्याचं मराठी रॅप आमदारांच्या पक्षांतरावर होतं आणि समाजमाध्यमांवर पसरलं होतं; सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेतून तक्रार झाली. त्या आठवड्यात त्या रॅपबद्दल वृत्तवाहिन्यांवर भरपूर बोललं गेलं. बोलणारे होते प्रवक्ते आणि वकील. यमक कसं जुळलंय, बोली कुठली आहे, श्वास कुठे घेतलाय, यावर बोलायला तिथे कुणीच नव्हतं. गाण्याचं परीक्षण पोलीस ठाण्याच्या नोंदवहीवर सोडून देणं हा मराठी संस्कृतीचा कमीपणा आहे. तो अंबरनाथच्या पोलिसांनी भरून काढायचा नाही. तो लिहिणाऱ्यांनी भरून काढायचा आहे.

मराठीला हे जमत नाही, असंही नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्या कवितेची भाषा मध्यमवर्गीय वाचकाच्या ओळखीची नव्हती. विजय तेंडुलकरांना प्रस्तावना लिहायची होती. त्यांनी काय केलं? ढसाळांबरोबर कवितेतल्या त्या वस्तीत फिरले. कवितेतले जे शब्द कळले नाहीत ते थेट विचारले, आणि आपल्याला काय कळत नव्हतं हे प्रस्तावनेत लिहिलं. नाटककार म्हणून नाव झालेला एक माणूस आपलं अज्ञान छापून आणतो, आणि त्यामुळेच एका पिढीला त्या कवितेचं दार उघडतं. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. ‘गोलपिठा’ची चर्चा नुसती राजकीय राहिली असती तर आज ते पुस्तक संघटनेच्या इतिहासातली एक नोंद असतं. तेंडुलकरांनी आणि नंतरच्या समीक्षकांनी ते कविता म्हणून वाचलं, म्हणून ते आज विद्यापीठात शिकवलं जातं, भाषांतरित होतं, आणि तरीही त्याची धार गेलेली नाही.

‘द वारली रिव्होल्ट’ला असा कुणी प्रस्तावनाकार मिळाला नाही. आणि गाणं थांबून राहत नाही. तोडफोड, खरं नाव धर्मेश परमार, २० मार्च २०२२ रोजी गेला. वय चोवीस. त्याचं गुजराती रॅप, त्यातली कोनक्कोलची मांडणी, यावर तो असताना सविस्तर लिहिलं जायला हवं होतं. त्याने ते वाचलं असतं, भांडला असता, पुढचं गाणं वेगळं केलं असतं. समीक्षेचा कलावंताला एवढाच उपयोग असतो, आणि तो हयात असतानाच असतो.

आरेचं पुढे काय झालं ते वाचकाला माहीत असेल. सरकारं बदलली तशी कारशेडची जागा बदलली: आरे, मग कांजूरमार्ग, मग पुन्हा आरे. मधल्या काळात आरेतलं सुमारे ८१२ एकर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झालं. शेवटी कारशेड आरेतच झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला, आणि रोज हजारो माणसं त्यातून जातात. मीही गेलो आहे. गाणं हरलं, असं कुणी म्हणेल. सँडिनिस्टांचंही पुढे काय काय झालं, म्हणून त्या छत्तीस गाण्यांची चर्चा थांबली नाही. गाण्याचं मोजमाप कारशेडच्या निकालावर करायचं नसतं. तलवाड्याच्या गोळीबारानंतर परुळेकर दांपत्य हद्दपार झालं, तेव्हाही कुणी हिशेब मांडला असेल की बंड संपलं. वेठ मात्र त्या पट्टीतून गेली.

जिल्ह्याच्या नकाशाचंही सांगायला हवं. १९६० मध्ये राज्यांची विभागणी झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, डहाणू-तलासरी-जव्हार त्यात गेले. १९४५ च्या बंडाची भूमी आता ठाणे जिल्ह्यात उरलेली नाही. वारली मात्र ठाण्यातही आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल एका बाजूला आरेला टेकतं, दुसऱ्या बाजूला येऊरला. येऊरच्या पाड्यांवरून खाली पाहिलं की घोडबंदर रस्त्याचे मनोरे दिसतात, आणि आता त्याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचं काम चालू आहे. आरेत २०१९ मध्ये जे प्रश्न उभे राहिले, ते ठाणेकरांच्या दारात उभे आहेत. त्यावर गाणी येतील. कदाचित आताच कुणी कळव्यात, कल्याण पूर्वेत, दिव्यात मोबाइलवर ताल लावून लिहीत बसलं असेल.

तेव्हा एक विनंती. ‘द वारली रिव्होल्ट’ दोनदा ऐका. पहिल्यांदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा शब्द सोडून, फक्त आवाजांसाठी. भोईरांच्या ओळींत जे शब्द कळणार नाहीत ते कागदावर लिहून ठेवा. येऊरला सकाळी फिरायला जाता, तिथल्या पाड्यावरची माणसं तुम्हाला रोज दिसतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी त्या शब्दांचा अर्थ विचारा. आणि तुमच्या हातात एखादं मासिक, दिवाळी अंक किंवा महाविद्यालयाचं नियतकालिक असेल, तर पुढच्या अंकात चार पानं अशा एका गाण्याच्या परीक्षणासाठी राखून ठेवा.